खड्डा लागला की स्टिअरिंग वेडंपिसं होतं? सॉलिड एक्सलवाल्या गाडीचा वॉबल शोधायचा क्रम, फुकटच्या गोष्टींपासून सुरू

आधी लक्षणं सांगतो, कारण निम्मे लोक इथेच फसतात आणि भलताच पार्ट बदलून मोकळे होतात.

गाडी ६०-७० च्या वर सरळ चाललीय, सगळं मजेत, आणि पुलाचा जोड नाहीतर एखादा खड्डा पुढच्या एकाच चाकाला लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग डावी-उजवीकडे असं हिसडायला लागतं की हातात धरवत नाही, डॅशबोर्ड खडखडतो, बॉनेट हलताना डोळ्यांना दिसतं, आणि मुख्य म्हणजे ते आपोआप थांबत नाही. स्पीड ३०-४० पर्यंत खाली आला की एकदम शांत, जसं काही झालंच नाही. मग परत ७० गाठा, कदाचित काहीच होणार नाही. पुढच्या खड्ड्याला परत तेच. हा खरा वॉबल, ज्याला सगळे डेथ वॉबल म्हणतात. नाव भडक आहे पण ज्याने एकदा अनुभवलंय तो नावाला हसत नाही.

आता याच्यासारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गोष्टी. ८०-९० ला स्टिअरिंग बारीक थरथरतं, खड्डा लागो न लागो, आणि स्पीड बदलला की कमीजास्त होतं, तर तो बहुतेक बॅलन्सिंगचा विषय. फक्त ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलतं, तर डिस्क बघा. थरथर स्टिअरिंगमध्ये नाही तर सीटखालून, फ्लोअरमधून येते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की बदलते, तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा), विशेषतः गाडी नुकतीच लिफ्ट केली, म्हणजे स्प्रिंग बदलून उंच केली असेल तर. गाडी सरळ चालत नाही, सतत स्टिअरिंग सावरावं लागतं पण हिसडे नाहीत, तर कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे झुकलेला कल) किंवा स्टिअरिंग बॉक्स. आणि डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडकल्यासारखी उड्या मारत वळते, तर बाबा रे, गाडी फोर व्हील मध्ये राहिलीय, लिव्हर टू व्हीलला आण.

चालत्या गाडीत वॉबल सुरू झाला तर काय करायचं हे सगळ्यात आधी, कारण बाकीचं सगळं घरी बसून करायचंय. जोरात ब्रेक मारू नका, ब्रेकने वजन पुढच्या एक्सलवर येतं आणि हिसडे वाढू शकतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा पण अंगठे आत अडकवू नका, बाहेर ठेवा, हिसडा बसला तर अंगठा मुरगळतो. मागचं एकदा आरशात बघा आणि हळूहळू स्पीड उतरवत बाजूला घ्या. स्टिअरिंगशी कुस्ती खेळून तो थांबत नाही, स्पीड उतरल्यावरच थांबतो.

माझ्याकडे सॉलिड फ्रंट एक्सलची गाडी आठ वर्षं आहे आणि हा प्रकार तिला पाच वेळा झालाय, मित्रांच्या गाड्या धरल्या तर डझनभर तरी होतील. कारण दर वेळी एकच नव्हतं. पहिल्या दोन वेळेला मी काय केलं तर स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के मऊ करणारा छोटा शॉक अब्सॉर्बर) बदलला, कारण गॅरेजवाला म्हणाला डँपर गेला. दोन्ही वेळेला दोन-तीन महिने बरं वाटलं आणि मग परत. डँपरबद्दल शेवटी बोलतो, पण आत्ताच सांगून ठेवतो की डँपर हा आजार नाही आणि औषधही नाही.

हे सॉलिड एक्सललाच का होतं? जिप्सी, जिम्नी, रँगलर, जुनी डिफेंडर, लँड क्रूझरच्या ७० आणि ८० सिरीज, या सगळ्यांत पुढची दोन्ही चाकं एकाच जाड दांड्यावर बसलेली असतात आणि टाय रॉडने एकमेकांना बांधलेली. एका चाकाला धक्का बसला की तो टाय रॉडमधून दुसऱ्या चाकाला पोचतो. कॅस्टरमुळे चाकं स्वतःहून सरळ यायला बघतात, पण मध्ये कुठे खेळ, म्हणजे ढिलेपणा, असेल तर सरळ येऊन थांबत नाहीत, पलीकडे जातात, मग परत खेचली जातात, परत अलीकडे. पाळण्याला प्रत्येक फेरीला वेळेवर हात लावला तर झोका वाढत जातो तसं. आणि तो हात लावणारं म्हणजे फिरणारं चाकच. २९ इंची टायर ७२ च्या स्पीडला सेकंदाला साधारण ८-९ वेळा फिरतो, त्यात जरा जरी असमतोल असेल तर दर फेरीला एक ढोसणी बसते. म्हणजे दोन गोष्टी लागतात, ढकलणारं काहीतरी आणि ढिलं काहीतरी. बॅलन्सिंग करून ढकलणारं काढलं की वॉबल गायब झाल्यासारखा वाटतो, पण ढिलं तसंच असतं. म्हणून तो परत येतो. खालचा सगळा शोध या दोन गोष्टींचाच आहे.

तपासणी १: रिमच्या आतला चिखल आणि चाकाचे नट

हसू नका. माझ्या पाचपैकी एक वेळ नुसता चिखल होता. ट्रेलवरून आलो, गाडी बाहेरून धुतली, दोन दिवसांनी हायवेला लागलो आणि ८० ला स्टिअरिंग नाचायला लागलं. खाली वाकून रिमच्या आतल्या बाजूला हात घातला तर एकाच जागी वाळलेल्या चिखलाचा पोळीएवढा थर, दगडासारखा कडक. हिशोब सांगतो, १६ इंची रिमच्या आत १०० ग्रॅम चिखल एका बाजूला चिकटला तर ७२ च्या स्पीडला तो चाकाला साधारण ६ किलोच्या जोराने बाहेर ओढतो, आणि दिशा सेकंदाला ८-९ वेळा फिरते. १०० ग्रॅम म्हणजे मूठभर पण नाही.

तर पाइप घेऊन चारही चाकं आतून धुवा, स्पोकच्या मागे बोटं घालून बघा. धुताना बॅलन्सिंगचं शिसं पडलंय का तेही दिसतं, रिमवर एक चौकोनी स्वच्छ डाग आणि चिकटपट्टीचा उरलेला गोंद दिसला की समजा तिथलं वजन उडालंय. टायरमध्ये पंक्चरचं लिक्विड भरलेलं असेल तर ते पण गाडी उभी राहिल्यावर खाली साचतं आणि बॅलन्स बिघडवतं, हे कोणी सांगत नाही.

मग चाकाचे नट पान्याने, शक्य असेल तर टॉर्क रेंचने, एकाआड एक आवळा. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजाने पाइप लावून आवळू नका, स्टड ताणला जातो. बाहेरचे रिम लावले असतील तर अजून एक बघा, रिमचं मधलं भोक हबवर नीट बसतंय का. नाही बसलं तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी राहतं आणि मशीनवर कितीही बॅलन्स केलं तरी गाडीवर ते डुलतं. शिवाय रिम जितकं बाहेर निघालेलं, किंवा मध्ये स्पेसर घातलेले, तितका खड्ड्याचा हिसडा स्टिअरिंगला जास्त. दिसायला भारी दिसतं हे मान्य.

तपासणी २: हवा आणि टायर

ट्रेलवर हवा १५-१८ पीएसआय पर्यंत उतरवली आणि परत भरताना एक चाक राहून गेलं, असं माझ्या मित्राचं दोनदा झालंय. चारही चाकं गार असताना मोजा, दाराच्या खांबावर स्टिकर असतो तो आकडा धरा. टायर मोठे घातले असतील तर स्टिकरचा आकडा तंतोतंत लागू होत नाही पण सुरुवात तिथूनच. उलटही होतं, मड टायरमध्ये ४० च्या वर हवा भरून ठेवतात आणि मग प्रत्येक खड्डा थेट एक्सलला लागतो. दोन-तीन पीएसआय कमी करून फरक पडतो का बघा, याला एक कवडी लागत नाही.

मग टायरवर तळवा फिरवा, डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळतं. ठोकळे एका बाजूने धारदार आणि दुसऱ्या बाजूने गोल झालेत का, मध्येच खोलगट चट्टे पडलेत का. कुठे फुगवटा लागला तर तपासणी तिथेच थांबवा, तो टायर आतून सुटलाय, त्याच्यावर हायवेला जायचंच नाही, आज बदला.

फुकटची आणखी एक टेस्ट, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे. वॉबल गेला किंवा त्याची तऱ्हा बदलली तर ढकलणारं चाकात आहे हे नक्की. पण खुश होऊन थांबू नका, ढिलं काय आहे ते अजून शोधायचंय.

तपासणी ३: गाडी जमिनीवर, एक माणूस स्टिअरिंगवर

सगळ्या पोस्टमधून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. बहुतेक वेळा गुन्हेगार इथेच सापडतो आणि तरी गॅरेजमध्ये ही टेस्ट कोणी करत नाही, कारण त्यांना गाडी लिफ्टवर घ्यायची सवय असते. लिफ्टवर चाकं लोंबतात, जॉइंटवर भारच नसतो, मग ढिला भाग ढिला असल्याचं दाखवतच नाही.

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. काही जुन्या फोर बाय फोरचा हँडब्रेक चाकांवर नाही तर प्रॉपेलर शाफ्टवर असतो, त्याच्यावर एकट्यावर भरवसा नको. इंजिन सुरू, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा जोर मिळतो. आता स्टिअरिंगवर बसलेल्याला सांगा की घड्याळातल्या १० पासून २ पर्यंत, डावी-उजवी, पटपट फिरवत राहा, थांब म्हणेपर्यंत. तुम्ही पुढून खाली बघा. बोटं दोन हलणाऱ्या पार्टच्या मध्ये घालायची नाहीत, जॉइंटवर वरून नुसता तळवा ठेवायचा. आणि कपडे, मफलर, लोंबणारं काही फॅनजवळ नको.

मी पुतण्याला बसवलं होतं. पाच मिनिटं मी टाय रॉडकडे बघतोय, ठीक, स्टिअरिंग बॉक्समधून निघणारा पिटमन आर्म ठीक, त्याला चाकांशी जोडणारी ड्रॅग लिंक ठीक. मग ट्रॅक बारच्या चॅसीकडच्या टोकावर तळवा ठेवला आणि प्रत्येक वळणाला हाताला टक्. डावीकडे टक्, उजवीकडे टक्. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, बोल्ट पान्याने बघितला तर घट्टच लागत होता. इंजिन बंद करून बोल्ट काढला तेव्हा कळलं. बोल्टच्या मधल्या भागावर एक पट्टा आरशासारखा चकचकीत, भोवती तांबूस पूड, आणि ब्रॅकेटचं भोक गोल राहिलेलंच नाही, अंड्यासारखं लांबट झालेलं. फट किती, तर नख जेमतेम शिरेल एवढी. तेवढ्याने दोन डँपर खाल्ले.

ट्रॅक बार म्हणजे काय तर कॉइल स्प्रिंगवाल्या गाडीत एक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा तिरका दांडा, कोणी पॅनहार्ड रॉड म्हणतं, कोणी लॅटरल रॉड. एक टोक चॅसीला, दुसरं एक्सलला. तो जरा ढिला असला की अख्खा एक्सल बाजूला सरकतो आणि स्टिअरिंगला वाटतं कोणीतरी फिरवलं. म्हणून माझ्या अनुभवात संशयित नंबर एक हाच. बघायचं काय तर दोन्ही टोकांचे बुश (बोल्टभोवती बसणारे रबरी तुकडे) फाटलेत का, बोल्टभोवती तांबूस पूड किंवा घासल्याची चमक आहे का, आणि ब्रॅकेटच्या वेल्डिंगला केसासारखी चीर आहे का. चीर चिखलाखाली लपते, वायर ब्रशने घासून मगच बघा.

बुश बदलून परत आवळताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. गाडी जॅकवर असताना, एक्सल खाली लोंबत असताना बोल्ट फायनल आवळतात. रबराचा बुश ज्या स्थितीत आवळला तीच त्याची आरामाची स्थिती होते, मग गाडी खाली उतरवली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा बंपर दाबून सोडा आणि मग टॉर्क द्या.

भोक लांबट झालेलं असेल तर नुसता आवळून उपयोग नाही, आज घट्ट बसेल, पुढच्या ट्रेलला परत ढिला. आणि भोक मोठं करून जाड बोल्ट घालायचा जुगाडही नको, बुशच्या आतल्या नळीला तो बसत नाही. ब्रॅकेट बदलणं किंवा त्यावर जाड प्लेट वेल्ड करून बरोबर मापाचं भोक पाडणं हे काम वेल्डिंग येणाऱ्या आणि चॅसीचं काम केलेल्या माणसाचं. इथे थांबा आणि त्याला बोलवा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायला त्याला आठवण करा.

पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या गाडीत ट्रॅक बार बहुधा नसतोच, तिथे एक्सलला जागेवर ठेवायचं काम पाटेच करतात. मग बघायचे यू बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे), सेंटर बोल्ट आणि शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या लटकत्या पट्टीचे) बुश. एक्सल आणि पाट्याच्या मध्ये घासल्याची चमक दिसली तर यू बोल्ट ढिले आहेत. पाटे काढले-घातले असतील, लिफ्ट केली असेल, तर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळायचेच असतात, कारण नवे पाटे दबून बसतात. हे आवळणं राहिलेल्या तीन गाड्या मी बघितल्यात.

याच टेस्टमध्ये टाय रॉड एंड पण बघून घ्या. रॉड नुसता स्वतःभोवती थोडा गोल फिरतो ते चालतं, पण बॉल आपल्या खोबणीत वर-खाली उडताना दिसला किंवा हाताला जाणवला तर तो गेला. रबरी टोपी फाटली असेल तर आत चिखल गेलाय, आज खेळ नसला तरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत येईल. नवा घालताना कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा पुढे आवळून जुळवायचा, मागे ढिला करून कधीच नाही. आणि जुनी पिन परत वाकवून वापरायची नाही, एवढीशी पिन आहे, नवी टाका.

स्टिअरिंग बॉक्सकडे पण नजर टाका. स्टिअरिंग फिरतंय, बॉक्सच चॅसीवर हलतोय, असं असेल तर बोल्ट ढिले किंवा चॅसीला चीर. चीर दिसली तर गाडी चालवत गॅरेजला पण नेऊ नका, टो करून न्या.

तपासणी ४: जॅक लावून चाक हलवणं

वर काही सापडलं तर ते आधी नीट करा आणि गाडी चालवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, चार गोष्टी एकदम बदलल्या तर नक्की काय होतं ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून.

सापडलं नसेल तर पुढचं एक चाक उचला, एक्सलखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात-डोकं घालू नका. चाक घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवा. इथला खेळ बहुधा टाय रॉड किंवा स्टिअरिंगच्या जॉइंटचा. मग १२ आणि ६ वर धरून हलवा. इथे खेळ आला तर व्हील बेअरिंग, नाहीतर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (ज्या सांध्यांवर चाक डावी-उजवीकडे वळतं ते). कोणतं ते ओळखायची सोपी युक्ती, आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत १२-६ हलवा. ब्रेकने हब आणि नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकासोबत वळणारा भाग) एकत्र बांधले जातात, म्हणून खेळ गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. टायरखाली पहार घालून चाक वर उचकटून पण बघा, खालचा बॉल जॉइंट गेला असेल तर नकल वर उडताना दिसते.

व्हील बेअरिंग जुन्या पद्धतीचं असेल, दोन बेअरिंग आणि बाहेरून आवळायचा नट, तर ग्रीस भरून परत अ‍ॅडजस्ट करता येतं. ज्याने आधी केलंय त्याने करावं, पाण्यातून गाडी काढत असाल तर ते ग्रीस तसंही वेळच्या वेळी बदलावं लागतं. सीलबंद हब असेल तर तो अख्खा बदलतात.

बॉल जॉइंट आणि किंगपिन मात्र स्वतः करू नका. बॉल जॉइंट प्रेसने काढावे-बसवावे लागतात, हातोड्याने ठोकून बसवलेला जॉइंट वाकडा बसतो. जिप्सी, जिम्नी आणि लँड क्रूझरसारख्या गाड्यांत किंगपिनची बेअरिंगं असतात, त्यांचा घट्टपणा शिम (पातळ चकत्या) कमीजास्त करून ठरवतात आणि टाय रॉड सोडून नकलला स्प्रिंगचा काटा लावून, किती जोराने ओढल्यावर ती फिरायला लागते ते मोजतात. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा नकल सहज फिरत असेल तर चाकाला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि वॉबलला रान मोकळं. गंमत म्हणजे ही बेअरिंगं खराब असून १२-६ ला खेळ अजिबात न दाखवणारी गाडी मी बघितलीय, फक्त काट्यावर कळलं. काटा न लावता नुसतं हाताने हलवून ठीक आहे म्हणणारा मिस्त्री असेल तर दुसरा शोधा. नकलच्या गोळ्यावरून ग्रीस आणि ऑइलचा काळा ओघळ दिसत असेल तर ते सीलही त्याच कामात बदलून घ्या, उघडणं एकदाच होतं.

तपासणी ५: टो आणि कॅस्टर

टो, म्हणजे वरून बघितलं तर पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, घरी मोजता येतं. टायरच्या मधोमध, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर दोन्ही चाकांना खडूने खूण करा, टेपने अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीला येतील, परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमी पाहिजे, बहुतेक सॉलिड एक्सलला १ ते ३ मिलिमीटर, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये. पुढचं जास्त भरलं तर टाय रॉड कुठेतरी दगडाला लागून वाकलाय का ते आधी बघा. वाकलेला रॉड अलाइनमेंटवाला निमूटपणे अ‍ॅडजस्ट करून देतो, त्याला कोणी विचारलेलं नसतं.

कॅस्टर घरी नीट मोजता येत नाही, त्याला मशीन पाहिजे. पण गाडी लिफ्ट केल्यावर वॉबल सुरू झाला असेल तर संशय इथे घ्या. रेडियस आर्मच्या (एक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या लांब दांड्यांच्या) गाडीत स्प्रिंग उंच केली की एक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो, स्टिअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ येत नाही, गाडी हलकी-हलकी वाटते. उपाय आहेत, वेगळे बुश, आर्मचे ब्रॅकेट, पाट्यांच्या गाडीत पाचरीसारखे शिम. कोणता आणि किती ते अलाइनमेंटचा छापील कागद हातात घेऊन, लिफ्टचं काम करणाऱ्याकडूनच ठरवा. पण जास्त कॅस्टर म्हणजे जास्त चांगलं असं पण नाही, तेही हिसड्यांना मदत करतं. लिफ्टने एक्सल एका बाजूला सरकतो हे पण लक्षात ठेवा, तेव्हा अ‍ॅडजस्ट होणारा ट्रॅक बार लागतो.

आणि आता डँपर

डँपर काढून हाताने ओढा-दाबा. दोन्हीकडे सारखा, सलग विरोध लागला पाहिजे, मध्येच मोकळी जागा लागली किंवा ऑइल गळत असेल तर बदला, त्यात काही वाद नाही. पण हे सगळ्यात शेवटी. डँपरचं काम खड्ड्यांचे छोटे धक्के मऊ करणं, बाकी सगळं घट्ट असलेली गाडी डँपर काढूनही हळू चालवताना वॉबल करत नाही. जाडजूड, दुप्पट ताकदीचा डँपर लावला की ढिला जॉइंट काही महिने लपतो, तोवर भोक अजून मोठं होतं, आणि मग वॉबल परत येतो तेव्हा आधीपेक्षा जोरात येतो. माझा दुसरा डँपर तर अजून चांगला आहे, डब्यात पडलाय.

स्टिअरिंग बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून खेळ घालवायचा सल्ला पण मिळेल. नको. जास्त आवळला तर आतले दात खातात आणि वळणावर स्टिअरिंग अडकू शकतं. बॉक्समध्येच खेळ आहे असं पक्कं झालं तर तो बॉक्स उघडणाऱ्याचं काम.

हे सगळं करून पण वॉबल राहिला, किंवा मधल्या कुठल्याही टप्प्यावर चीर, फुगलेला टायर, उडणारा बॉल जॉइंट सापडला, तर हायवेला गाडी न्यायची नाही. घरात कोणालाही नेऊ द्यायची नाही, चावी काढून ठेवा. ‘जरा हळू चालवतो’ हा उपाय नाही, ५० ला पण होतो.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, ४० पासून हळूहळू वाढवत, मागे कोणी नसताना. १०० किलोमीटर झाले की जेवढे बोल्ट हात लावले तेवढे सगळे परत टॉर्कने बघा. मी आता ट्रॅक बार, यू बोल्ट, टाय रॉडच्या क्लँपचे बोल्ट आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आवळले की नटावरून ब्रॅकेटवर जाणारी पांढऱ्या पेंटची एक रेषा ओढतो. ट्रेलवरून आल्यावर चाकं आतून धुतो तेव्हा टॉर्च मारून रेषा बघतो, दोन मिनिटांचं काम. रेषा तुटलेली दिसली की आधी बोल्ट काढून भोक बघायचं, पाना नंतर.